घर एक, चुली तीन : घरोघरी सर्वेक्षण करणाऱ्यांसाठी धागा

वैरणकाडी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

एका अभ्यासासाठी आम्ही पंचगंगा आणि कृष्णेकाठच्या गावांत घरोघरी फिरणार आहोत. कोल्हापूर जिल्ह्यातले करवीर, हातकणंगले, शिरोळ हे तीन तालुके, ३० गावं, दर गावी २० घरं, एकूण ६००. विषय ऐकायला साधा आहे: २०१९ आणि २०२१ चा महापूर येऊन गेल्यावर घरातल्या बायकांचं काम किती वाढलं आणि घरावरचं कर्ज किती वाढलं. फिरणारी पोरं आठ, पाच मुली आणि तीन मुलगे, सगळी जिल्ह्यातलीच. प्रश्नावली टॅबवर, कोबो नावाच्या फॉर्म भरायच्या ॲपमध्ये. मागच्या आठवड्यात ४० घरांचं पायलट केलं आणि माझी झोप उडाली.

करवीर तालुक्यातलं नदीकाठचं एक गाव. भिंतीवर तैलरंगात दोन रेघा, एक २०१९ ची, एक २०२१ ची. मोठं घर, तीन भाऊ. लाईटचं मीटर एक, रेशनकार्डं दोन, गॅस शेगड्या तीन. आमच्या मुलीने ‘एक घर, १४ माणसं’ असं भरलं. दुसऱ्या दिवशी मी पडताळणीला दुसरा मुलगा पाठवला, त्याने तीन घरं भरली. दोघांचंही चुकलं नाही असं मला वाटतंय, आणि भीती तीच आहे. थोरल्याच्या नावावर सेवा सोसायटीचं पीककर्ज, मधल्याच्या बायकोच्या नावावर बचतगटाचं, धाकटा म्हणतो माझ्यावर काहीच नाही. एक घर धरलं तर सगळं घर कर्जात. तीन धरली तर तिसरं घर कर्जमुक्त. पण पीककर्ज ज्या उसावर काढलंय तो ऊस तिघांचा आहे.

आणि आजी. तिला विचारलं, तुम्ही कुणाकडं जेवता? “मी फिरती बाई. अमावास्या झाली की ताट फुडल्या पोराकडं.” म्हणजे महिन्यागणिक घर बदलतं. माझ्या पहिल्या मुलीने तिला एकदाच धरलं, दुसऱ्या मुलाने तिन्ही घरांत धरलं. एक आजी, टॅबवर तीन झाल्या.

दुसरी अडचण: दारात पुरुष येतो आणि म्हणतो, काय विचारायचं ते मला विचारा. बायको काय करते? “काय न्हाई, घरीच असती.” बोलत असताना मागून ती वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन आत जाते.

तर ज्यांनी असली कामं केलीत त्यांनी बोला. पुस्तकी नियम माहीत आहेत, दारातले सांगा.

जुना_प्रगणक

मी मास्तर. १९९१, २००१, २०११ अशा तीन जनगणना केल्या. तिन्ही वेळा प्रशिक्षणात एकच वाक्य डोक्यात घातलं: एका स्वयंपाकघरातलं जेवण जेवणारी, एकत्र राहणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. रक्ताचं नातं नंतर, आधी चूल. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची व्याख्याही याच अंगाने जाते.

पण शेगड्या मोजू नका. आमच्याकडं रेशनकार्ड वेगळं करायचं म्हणून शेगडी वेगळी झालेली घरं खंडीभर आहेत. प्रश्न असा विचारा: “काल रात्रीची भाकरी कुणी केली आणि ती कोणकोण जेवलं?” परवाची विचारा. दोन दिवसांत चित्र स्वच्छ होतं. भांगलणीच्या दिवसांत दोन जावा एकत्र रांधतात आणि एरवी वेगळ्या, असंही सापडेल, तेव्हा ‘वर्षातले जास्त महिने कसं’ हा नियम लावा.

आजीचं म्हणाल तर सहा महिन्यांचा मुक्काम वगैरे नियम तिला लागू होणारच नाही, कारण ती कुठेच सलग सहा महिने नसते. सर्वेक्षणाच्या दिवशी जिथं ताट आहे तिथं धरा, एकदाच धरा, आणि शेऱ्यात लिहा. कुठं धरलं यापेक्षा तिन्हीकडं एकच नियम लावला का हे महत्त्वाचं.

पांढरारस

एक आजी तीन घरांत. जनगणना २०११ ला जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार आली होती. त्यात आज्या किती होत्या हे आता तपासायला पाहिजे.

जुना_प्रगणक

@पांढरारस, आम्ही घराच्या चौकटीवर गेरूने नंबर घालत होतो राजे. नंबर एक तर माणूस एकदा. थट्टा नको.

आकडेशास्त्री

धागा वाचनखुणेत टाकला. दोन गोष्टी सांगतो, थोडं लांबेल.

पहिली, ‘घरीच असती’ विषयी. श्रमशक्ती सर्वेक्षणात, म्हणजे २०१७ पासून चालू असलेल्या पीएलएफएसमध्ये, प्रत्येक माणसाला कामाचा एक संकेतांक मिळतो. ११ म्हणजे स्वतःचा धंदा स्वतः चालवणारा. २१ म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारा. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम आणि सोबत घरच्या वापरासाठी सरपण आणणं, शिवणटिपण असलं काही. ११ आणि २१ कामगारांत मोजले जातात, ९२ आणि ९३ श्रमशक्तीच्या बाहेर. तुमच्या भारेवाल्या बाईला नवऱ्याच्या शब्दावर ९२ मिळणार. दोन म्हशींचं दूध डेअरीला जातं हे कळलं तर ती २१, आणि दुधाचा हिशेब तीच बघत असेल तर ११. बाई तीच, म्हशी त्याच. देशात किती बायका कामाला आहेत यावर वर्तमानपत्रांत जे अग्रलेख येतात, त्यांचा बराचसा भाग अशा एका प्रश्नावर उभा असतो.

म्हणून ‘तुम्ही काम करता का’ हा प्रश्नच नको. सकाळी उठल्यापासून क्रमाने विचारा. गोठा कोण झाडतं, धार कोण काढतं, डेअरीला किटली कोण नेतं, वैरण कोण कापतं. दूध असेल तर बिल कुणाच्या नावावर येतं. संकेतांक नंतर ऑफिसात बसून द्या, दारात नको.

दुसरी गोष्ट, ३० गुणिले २०. सहाशे घरं साध्या चिठ्ठ्या टाकून निवडली असती तर निम्म्या-निम्म्या उत्तराच्या प्रश्नात चूक साधारण अधिक-उणे ४ टक्के. पण तुम्ही गावं निवडून मग घरं निवडताय. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात, आणि तुमच्या विषयात तर फारच, कारण पाणी गावात येतं, एकट्या घरात येत नाही. हे सारखेपण शून्य ते एकच्या मापावर ०.१ धरलं तर १ + (१९ × ०.१) म्हणजे २.९ पट मार बसतो (१९ म्हणजे गावची २० घरं वजा एक). तुमची ६०० घरं २०७ घरांइतकीच माहिती देतात आणि चूक जवळजवळ ७ टक्क्यांवर जाते. त्याच पैशात ४० गावं आणि दर गावी १५ घरं जमत असतील तर ती २५० घरांच्या तोडीची होतील. पेट्रोल वाढेल, ते तुमचं तुम्ही बघा.

पांढरारस

म्हणजे शितावरून भाताची परीक्षा खरी, पण सगळी शितं पातेल्याच्या एकाच बाजूची नकोत. रश्श्याचंही तेच. वरनं पळी घातली की नुसता कट येतो आणि माणूस म्हणतो, लई तिखट हाय.

आकडेशास्त्री

@पांढरारस, वर्गात दोन तास घालवून मी हेच सांगायचो. पुढच्या वेळी तुम्हाला बोलावतो.

शिरोळकर

मी जरा कडू बोलतो, राग मानू नका. २०१९ नंतर आमच्या गल्लीत इतके लोक फॉर्म घेऊन आले की कुत्र्यांनी भुंकायचं सोडलं. कॉलेजची पोरं, संस्था, कुठली कुठली विद्यापीठं. पुढं काय झालं? आमच्या हातात एक कागद आला नाही. तुम्ही ६०० घरांत जाणार, प्रत्येकी तास घेणार, सहाशे तास झाले. त्या तासांत बाया रोजगाराला गेल्या असत्या.

वैरणकाडी

@शिरोळकर, राग नाही, बरोबर बोलताय. पायलटमध्ये आमचा फॉर्म सरासरी ७० मिनिटांचा झाला. आता मी तो कापतेय, ४० च्या आत आणायचा आहे. भेटीची वेळ घरातली बाई ठरवेल. आणि काम झाल्यावर प्रत्येक गावात, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये किंवा देवळात, त्या गावाचे आकडे मराठीत वाचून दाखवायचे हे मी अंदाजपत्रकातच घातलंय. बाकी तुमच्या हातात काय पडेल याचं वचन देत नाही. देणारे बरेच येऊन गेलेत.

शिरोळकर

वाचून दाखवणार असाल तर आमच्या गावाला या. आणि एक ऐका. ‘सर्व्हे’ हा शब्द वापरू नका. आमच्याकडं सर्व्हे म्हणजे पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक येऊन पाणी कुठवर होतं, भिंत किती पडली ते लिहून नेतात आणि मग मदत येते. तुमच्या पोरीने ‘सर्व्हेला आलोय’ म्हटलं की म्हातारा उठून भिंतीतली भेग दाखवायला लागणार. त्यात त्याचा दोष काय? पाणी गुडघ्याएवढं असलं तरी कमरेएवढं सांगणार, कारण मागच्या वेळी ज्याने खरं सांगितलं तो यादीतनं सुटला.

मळेकरीण

बरोबर आहे वरचं. मी दुसऱ्या बाजूने लिहिते, म्हणजे उत्तरं देणाऱ्या बाजूने. आमच्या घरात आजवर चार वेळा फॉर्म भरून नेलाय.

एकदा एक मुलगी आली. चांगली होती, पाणीसुद्धा मागून घेतलं नाही. सोप्यात बसली, समोर सासूबाई, बाजूला हे, दारात शेजारीण. आणि मोठ्याने विचारती, “तुमच्या स्वतःच्या नावावर काही बचत, भिशी, सोनं?” मी म्हटलं, नाही. तिने नाही लिहिलं. आता माझी भिशी आहे हे आमच्या भिशीतल्या बायकांना सोडून कुणाला माहीत नाही. मी त्या मुलीला खोटं बोलले नाही हो, मी सासूबाईंना उत्तर दिलं.

तशीच बाळंतपणाची माहिती. किती मुलं? दोन. तिसरं चार दिवसांचं होऊन गेलं ते कोण सांगतंय सगळ्यांसमोर. आणि लग्न होऊन गेलेल्या पोरी तर मोजायलाच विसरतात बाया, ‘ती आता त्यांची’ म्हणून.

उत्पन्न विचारताना रेशनकार्ड मागू नका. पिवळं, केशरी, पांढरं एवढं ऐकलं की माणूस सावध होतो. केशरी कार्डाला वर्षाला १ लाखाची हद्द, पिवळ्याला १५ हजारांची. त्या आकड्याच्या वर कोण सांगेल?

आकडेशास्त्री

@मळेकरीण, ‘मी सासूबाईंना उत्तर दिलं’ हे वाक्य मी लिहून ठेवलंय.

मुलांच्या प्रश्नासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पद्धत घ्या. मुंबईत देवनारला लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, ते १९९२-९३ पासून ही पाहणी करतात, पाचवी फेरी २०१९-२१ ची, सव्वासहा लाखांवर घरं. त्यात ‘किती मुलं’ असा एकदम प्रश्न येत नाही. आधी तुमच्याजवळ राहणारे मुलगे, मग मुली. मग दुसरीकडं राहणारे मुलगे, मुली. मग जन्मून नंतर गेलेले मुलगे, मुली. शेवटी बेरीज वाचून दाखवायची आणि बरोबर आहे का विचारायचं. नांदायला गेलेली पोर दुसऱ्या पायरीवर सापडते आणि चार दिवसांचं बाळ तिसऱ्या.

जुना_प्रगणक

कुटुंबप्रमुखाचाही घोळ सांगतो. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, त्यात रेशनकार्डासाठी घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख. कार्डावर तिचं नाव. तिलाच विचारा प्रमुख कोण, ती १९ वर्षांच्या पोराचं नाव सांगते. मालक वारले असले तर कधी कधी त्यांचंच सांगते. फॉर्ममध्ये ‘विधवा’ ही चौकट असली तरी तो शब्द तोंडाने काढू नये. शिरोळ तालुक्यातल्याच हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, सगळ्या राज्यात गाजला, पण म्हणून तो शब्द अनोळखी पोराच्या तोंडून ऐकायला कुणाला आवडत नाही. ‘मालक असतात काय घरी?’ एवढ्यावर काम भागतं.

डेटावाला

पुण्यात बसून तुमच्याकडच्या फॉर्मची साफसफाई करणारा मी एक पापी. एक किस्सा सांगतो.

काही वर्षांपूर्वी बायकांच्या एका प्रश्नावलीचं ध्वनिमुद्रण तपासत होतो. हल्ली टॅब मधेमधे आपोआप रेकॉर्ड करतो, अर्थात आधी संमती घेऊन. कोल्हापूरच्या ११ फायली मी लाल शेरा मारून परत पाठवल्या: ‘उत्तरं पुरुषाने दिली आहेत.’ आवाज बाईचा वाटत होता, पण वाक्यं “मी सकाळीच रानात गेलो”, “मी दवाखान्यात दोन दिवस राहिलो” अशी. मला वाटलं नवराच सांगतोय आणि बाई नुसती री ओढतेय. सुपरवायझरचा फोन आला. शिव्या घातल्या नाहीत एवढंच.

वैरणकाडी

😀 माझी आई अजून “मी आलो” म्हणते. कोल्हापूरच्या बाया अशाच बोलतात दादा.

डेटावाला

आता माहीत झालंय ताई. तेव्हापासून प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी हा किस्सा मीच सांगतो.

आता कामाचं. बोगस फॉर्म कसे पकडायचे ते लिहितो, कारण आठ पोरांत एखादं निघतंच. एका कामात (नाव नको) एकाने १८ फॉर्म चहाच्या टपरीवर बसून भरले होते. जीपीएस चकवायला गावात जाऊन बसला होता बिचारा, म्हणजे गाव बरोबर, बिंदू मात्र सगळे एकाच जागी. तेही सोडा, वयं बघा. खऱ्या गावात म्हाताऱ्या ६०, ६५, ७० अशाच असतात, कारण कुणाला नक्की माहीत नसतं. त्याच्या फॉर्ममध्ये ६१, ६७, ७३, इतकी नेमकी. खोटं लिहिणारा माणूस गोल आकडे टाळतो. आणि ‘इतर’ या पर्यायाला त्याने एकदाही हात लावला नव्हता, कारण तिथं टाईप करावं लागतं.

मग आम्ही नियम केले. दहा टक्के घरांत दुसऱ्या माणसाने परत जाऊन फक्त सहा प्रश्न विचारायचे, असे की ज्यांची उत्तरं आठवड्यात बदलत नाहीत. पहिल्या आठवड्यात दहाऐवजी वीस टक्के. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, फॉर्मवर पैसे द्यायचे बंद केले. दिवसाची हजेरी द्या. फॉर्ममागे पैसे दिले की बाईने ‘नाही’ म्हणावं अशी पोरं मनात प्रार्थना करतात. ‘कर्ज आहे का’ला ‘नाही’ आलं की पुढचे १४ प्रश्न वाचतात ना.

इचलकरंजीचा_धोटा

हातकणंगले तालुका घेतलाय म्हणजे आमच्या आजूबाजूलाही फिरणार. इथं ‘महिन्याचं उत्पन्न किती’ विचाराल तर माणूस तुमच्याकडं नुसता बघत बसेल. यंत्रमागाचा पगार आठवड्याला, आणि तोही पिकावर. पीक म्हणजे आडवा धागा, शेतातलं नव्हे. जितकी पिकं पडली तितका पैसा. लाईट गेली, बीम (उभ्या धाग्याचा रूळ) संपलं, मालकाकडं सूत नाही, की पगार खाली. गेल्या आठवड्यात किती पाळ्या झाल्या आणि हातात किती आले एवढंच विचारा.

दुसरं, खोल्यांतली परप्रांतातली पोरं. एका खोलीत सात जण, सगळे खानावळीत जेवतात. चूल नाहीच. मग घर कुठलं?

आकडेशास्त्री

@धोटा, याला राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात उत्तर आहे. मेस, वसतिगृह, लॉज असल्या ठिकाणी राहणारा प्रत्येक जण एकट्याचं कुटुंब. मात्र त्यांच्यातले काही जण पैसा एकत्र करून खर्च करत असतील तर तेवढ्यांचं मिळून एक. म्हणजे तुमच्या खोलीत सात कुटुंबं.

उत्पन्नाच्या मुदतीवरून आठवलं. खर्च विचारताना ‘गेल्या किती दिवसांत’ हा भाग हलक्यात घेऊ नका. याच नमुना सर्वेक्षणाच्या १९९९-२००० च्या फेरीत एकाच फॉर्ममध्ये एकाच घराला खाण्याचा खर्च ७ दिवसांचाही विचारला आणि ३० दिवसांचाही, शेजारी-शेजारी. लोकांनी एका आकड्यावरून दुसरा काढला. मग त्या वर्षीची गरिबी आधीच्या वर्षांशी ताडून बघता येईना, आणि देशातली गरिबी किती घटली यावर अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडले. आता तेल, भाजी, अंडी, मटण यांना ७ दिवस, धान्य-डाळींना ३०, कपडे-चपला, शाळेची फी, टिकाऊ वस्तू यांना ३६५. २०२२-२३ पासून तर फॉर्मचेच तीन तुकडे केलेत आणि एका घरी तीन वेगवेगळ्या भेटी देतात.

वैरणकाडी

दुधाचं बिल आमच्याकडं दहा दिवसांनी येतं. महिन्याचं विचारलं की बायका तिन्ही बिलं आठवून बेरीज करायला बघतात आणि मधलं विसरतात. आता ‘शेवटचं बिल किती आलं, त्याच्या आधीचं किती’ असं करतेय. कापलेलं किती, तेही. पेंडीचे पैसे बिलातनंच कापतात, ते उत्पन्नातही येत नाहीत आणि खर्चातही.

शिरोळकर

आता कडूपणा संपला, एक कामाचं सांगतो. तुम्ही हंगामात फिरताय म्हणजे ऊसतोड टोळ्या आहेत रानात. बीडकडनं आलेली माणसं, पालं आणि कोप्या टाकून. तुमच्या घरयादीत त्या कोप्या येणार का? ठरवा आधीच. आणि घेतलं तर मजुरी माणशी विचारू नका, तिथं हिशेब कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर, मजुरी कोयत्यावर. बाईला ‘तुम्हाला किती मिळतात’ विचारलं तर काय सांगेल ती? तिच्या नावाचा आकडा कुठंच नसतो.

वैरणकाडी

हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. कोप्या आमच्या ६०० त धरायच्या नाहीत, कारण आमचा विषय पुरातल्या घरांचा, पण यादीत वेगळ्या लिहून ठेवायच्या असं ठरवते.

बायदवे, घरयादी करतानाच निम्मी लढाई. गावांची शेवटची छापील लोकसंख्या अजून २०११ चीच हातात आहे, आणि एमआयडीसीच्या बाजूची गावं तेव्हापासून ओळखू येत नाहीत. म्हणून निवडलेल्या प्रत्येक गावात आधी सगळी घरं लिहून काढायची. पोरं गावठाण पाऊण दिवसात लिहितात आणि मळ्यातली घरं सोडतात, कारण तिथं चालत जावं लागतं आणि कुत्री सोडलेली असतात. पण महापुरानंतर कितीतरी जण मळ्यातच राहायला गेलेत. तीच सुटली तर माझ्या अभ्यासात उरलं काय?

जुना_प्रगणक

डेअरीची यादी घ्या. गावठाणातलं असो की मळ्यातलं, दूध घालणारं घर तिथं असतंच. पोस्टमनला विचारा. आशाताईंना विचारा, त्यांच्या वहीत बाळंतिणी असतात आणि बाळंतीण कुठल्या रानात राहते ते त्यांना अंधारातही सांगता येतं. आणि कुलूप असलेलं घर लागलं तर शेजारचं उघडं घर घेऊ नका. परत जा, तीनदा जा. दिवसा कुलूप असतं ते दोघंही रोजगाराला जातात म्हणून. उघडी घरं घेत गेलात तर तुमच्या अभ्यासात सगळे म्हातारे आणि पेन्शनर येतील.

वय विचारायला आमची जुनी युक्ती. म्हातारीला सन विचारू नका. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लग्न झालं होतं का? तो डिसेंबर १९६७. बहात्तरच्या दुष्काळात पदरात कोण होतं? कर्जाला हीच रीत लावा, हे कर्ज मोठ्या महापुराच्या आधीचं की नंतरचं. २००५ चा पूर आणि २०१९ चा पूर यांत लोक गल्लत करतात, तेव्हा ‘मोबाईलवर फोटो काढले तो पूर का’ असं विचारा.

पांढरारस

मास्तर, तुम्ही सर्वेक्षक नाही, तुम्ही सीआयडी.

वैरणकाडी

(तीन आठवड्यांनी)

मंडळी, ताजी खबर. ३६ गावं आणि दर गावी १६ घरं असा मध्य काढला. @आकडेशास्त्री, पेट्रोलचं बजेट फुटलं. फॉर्म ४३ मिनिटांवर आलाय. ‘काम करता का’ काढून टाकलं आणि सकाळपासून रात्रीपर्यंतची विचारणी घातली. पहिल्या पाच गावांत ज्या बाया नवऱ्याच्या तोंडून ‘घरीच’ होत्या, त्यातल्या बऱ्याच जणींचं दूध डेअरीला जातंय. आकडा आत्ताच सांगत नाही.

मुली जोडीने जातात आता. एक बाईशी आतल्या खोलीत बोलते, दुसरी सोप्यात सासू-सासऱ्यांना घेऊन बसते आणि त्यांना शेतीची माहिती विचारते. सासरे खूष, सासूबाई मधेमधे आत डोकावतात.

आणि ते पायलटचं घर, तीन चुलींचं. काल बॅक-चेकला, म्हणजे फेरतपासणीला, मुलगा परत गेला. भाकरीचा प्रश्न विचारून तीन कुटुंबं पक्की केली, कर्ज ‘कुणाच्या नावावर’ आणि ‘कुणाच्या उसातनं फिटतं’ अशा दोन वेगळ्या रकान्यांत घेतलं. सगळं जुळलं. फक्त मधल्याकडचा एक माणूस कमी आणि धाकट्याकडचा एक जास्त, म्हणून टॅब लाल दाखवतोय. मधे अमावास्या होऊन गेली.

सोमवारपासून शिरोळ. @शिरोळकर, @मळेकरीण, तुमच्या बाजूला येतोय. चहाला हक्काने येणार, फॉर्म गाडीत ठेवून.

शिरोळकर

या. देवळातल्या वाचनाची तारीख आधी सांगा, पारावर लिहून ठेवतो.

मळेकरीण

फॉर्म घेऊनच या. पण बाजारच्या दिवशी या, सकाळी दहानंतर. हे बाजारला गेलेले असतात आणि सासूबाईंना त्यांच्यासोबतच दवाखान्यात सोडतात.